सेलूस दोन खेपा

वर्ध्याहून नागपूरच्या सडकेनें निघालें म्हणजे धाम नदीच्या कांठचें पवनार मागें पडतें आणि पुढें थोड्याच वेळांत सेलू येतें. सेलू म्हटलें कीं पुष्कळांस परभणी जिल्ह्यांतील सेलू आठवतें. आमचें सेलू तें नव्हे. हें बोर नदीच्या आश्रयानें वसलेलें, वर्धा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. रेल्वेच्या स्थानकास 'सेलू रोड' म्हणतात. आणि ज्या स्थानकाच्या नांवापुढें 'रोड' लागतें तेथें उतरल्यावर गांव अद्याप पुढेंच असतें, हा अनुभव प्रवाशांस नवा नाहीं. भोंवतालची जमीन काळी. पीक कापूस, तूर, सोयाबीन यांचें. बोर धरणाचें पाणी कालव्यांनीं येतें, आणि एके काळीं येथील केळीच्या बागांचें विदर्भांत नांव होतें. त्या बागा आतां विरळ झाल्या. धरणाच्या अंगाचें जंगल २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झालें. देशांतील सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्प म्हणून तें ओळखलें जातें.

या तालुक्यांत आमच्या नोकरीचीं सात वर्षें गेलीं. संस्कृत हा आमचा विषय. पण खेड्यांतील शाळेंत ज्यास जें येतें तें सर्व शिकवावें लागतें, म्हणून गणितही पुष्कळ शिकविलें. त्या गणिताचा उपयोग पुढें स्वतःवरच होईल असें तेव्हां वाटलें नव्हतें.

वाचकांस ठाऊक आहेच कीं नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग याच जिल्ह्यांतून गेला आहे. सरकारनें प्रथम जमीन एकत्रीकरणाची योजना मांडली. ती पुष्कळांस पटली नाहीं. तेव्हां २०१७ सालापासून संमतीनें थेट खरेदीचा मार्ग निघाला आणि सरकारी दराच्या पांचपटीपर्यंत मोबदला मिळूं लागला. ज्या घरांत कापसाच्या चुकाऱ्यावांचून दुसरी मोठी रक्कम कधीं आली नव्हती, त्या घरांत एका सकाळीं बँकेच्या पुस्तकावर इतकीं शून्यें उमटलीं कीं तीं मोजण्यास शाळकरी नातवास बोलावावें लागे.

२०१८ च्या उन्हाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "गुरुजी, एकदां येऊन जा. पैशाचं काय करावं तें समजत नाहीं." वडील वर्षापूर्वीं वारले होते, पावणेदोन एकर रस्त्यांत जात होतें. पैसा नसतां सल्ला मागणारे विद्यार्थी आम्हांस पुष्कळ भेटले होते. पैसा येतो म्हणून सल्ला मागणारा हा पहिलाच. आम्ही निघालों.

पवनारच्या पुलावरून जातांना विनोबांची आठवण न होणें अशक्य. १९५० सालीं याच नदीकांठीं त्यांनीं कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला होता. आश्रमानें पैशाचें दान घेणें थांबवावें, हातानें विहीर खणावी, भाजीपाला पिकवावा आणि नाण्यावांचून जगून पाहावें, अशी ती कल्पना. तेथून अवघ्या कांहीं कोसांवर कांचन दारीं येऊन उभें राहिलें म्हणून लोकांची झोप उडाली होती! हा विचार मनांत आला आणि जरा हंसूंही आलें. पण स्वतःच्या निवृत्तिवेतनाची तारीख चुकली तर आमची काय अवस्था होते तेंही लगेच आठवलें, आणि हंसणें आवरलें.

घरीं पोंचलों तेव्हां ओट्यावर दोन अपरिचित गृहस्थ बसले होते. एक विम्याचा, दुसरा मोटारींच्या दुकानाचा. पैसा अजून जमा व्हावयाचा होता. पण त्याचा वास त्यांस आधींच लागला होता. धाकट्या भावाच्या मनांत टिप्पर घेण्याचें होतें. रस्त्याचें मातीकाम निघणार, टिप्पर भाड्यानें लागेल, दोन वर्षांत किंमत वसूल होईल, असा त्याचा हिशोब. आसपासच्या दहा जणांनीं नेमका हाच हिशोब केला आहे, हें त्याच्या हिशोबांत नव्हतें. थोरला म्हणे, जमीन गेली तर जमीनच घ्यावी. हें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटलें. पण त्यांतही अडचण अशी कीं ज्याच्या त्याच्या हातीं मोबदला आल्यामुळें विकाऊ शेताचा भाव पाहतां पाहतां चढला होता. पावणेदोन एकर देऊन आलेल्या पैशांत जवळपास तितकीच जमीन मिळेल कीं नाहीं याची त्यास धास्ती होती. आईस स्लॅबचें घर हवें होतें, आणि काशीस जाऊन यावयाचें होतें.

आमच्या पोटांतील संस्कृत अशा वेळीं गप्प बसत नाहीं. भर्तृहरीनें वित्ताच्या दान, भोग आणि नाश अशा तीन गती सांगितल्या आहेत, तें आम्हीं त्यांस ऐकविलें. कौटिल्यानें सांपडलेल्या ठेव्याविषयीं केलेला नियमही सांगितला: ठेवा दाखवून देणारास सहावा भाग, तो चाकर असल्यास बारावा, आणि लक्षाहून मोठा ठेवा असेल तर तो राजाचा. धाकटा म्हणाला, "म्हणजे तेव्हां बरं नव्हतं म्हणायचं." सगळे हंसले. व्याख्यान तेथेंच संपलें तें बरें झालें. कारण आम्हांस ज्या कामासाठीं बोलाविलें होतें तें पुढेंच होतें.

चहा झाल्यावर आईनें आम्हांस मागच्या पडवींत बोलाविलें. तेथें तिची लेक बसली होती. हिंगणघाटास दिलेली, आदल्या संध्याकाळीं आलेली. बाप वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद झाली होती आणि तींत चार नांवें होतीं: आई, दोन भाऊ आणि ही. खरेदीच्या कागदावर चौघांच्या सह्या हव्या; आणि पैशाचे चार वांटे होऊं नयेत म्हणून त्याआधीं हिचें हक्कसोडपत्र हवें. आई म्हणाली, "गुर्जी, तुमी तिले समजावून सांगा. तुमचं आयकते ते. लग्नात तिचं सारं केलंच ना जी आमी."

हें काम आमच्यासारख्यास अगदीं सोपें वाटावें असेंच होतें. स्मृतींत आधार हवा असेल तर काय तोटा? याज्ञवल्क्यानें भावांनीं बहिणीस आपापल्या अंशाचा चतुर्थांश द्यावा असें म्हटलें आहे, आणि तें विवाहसंस्कारासाठीं असें म्हणून भागवितां येतें. पण तीच स्मृति घेऊन विज्ञानेश्वर मिताक्षरेंत असें सिद्ध करतो कीं तो नुसता लग्नाचा खर्च नव्हे, ती वांटणीची हक्कदार आहे. हें आम्हीं पाठशाळेंत वाचलें होतें आणि सोयीस्करपणें विसरलों होतों. कायद्याची गोष्ट तर उघड होती. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं जी दुरुस्ती झाली तिनें वडिलार्जित मिळकतींत मुलीचा हक्क मुलाबरोबरीचा केला. पुढें ११ ऑगस्ट २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो हक्क जन्मानेंच येतो, त्या दिवशीं बाप हयात असो वा नसो, असाही निर्वाळा दिला.

मग लेकी सह्या कां करतात? आम्हीं विदर्भांत जी जुनी समजूत पुष्कळ ऐकली ती अशी कीं शेताचे तुकडे होऊं नयेत. बहीण परगांवीं, तिच्या वांट्याचें अर्धें एकर नांगरणार कोण? या बोलण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण येथें तर शेत उरलेंच नव्हतें. सरकारनें त्याची नाणीं करून दिलीं होतीं, आणि चारांनीं भागल्यानें रुपया मोडत नाहीं. जमीन गेली आणि तिच्याबरोबर सबबही गेली. तरी हक्कसोडपत्राचा मसुदा तयार होता. मुद्रांक दोनशें रुपयांचा.

येथें आमच्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. १९८९ सालीं आमच्या वडिलांच्या पश्चात् गांवचें घर विकलें. छत्तीस हजार रुपये आले. आम्ही दोघे भाऊ आणि एक थोरली बहीण. घर वडिलांच्या स्वकष्टाचें. तेव्हां १९५६ च्या कायद्यान्वयेंही ताईचा तिसरा हिस्सा होता, आणि म्हणूनच तर तिची सही लागली. आम्हीं तिला बोलाविलें, पुरणाचें जेवण केलें, ओटी भरली, चांगलें नऊवारी लुगडें दिलें. तिनें लुगडें मांडीवर घेऊनच सही केली आणि म्हणाली, "वाचून कशाला दाखवतोस? तुझ्यावर विश्वास नाहीं का?" ती सही आम्हीं स्वतः धरलेल्या कागदावर झाली. ज्या हातानें मुलांस 'सत्यं वद' गिरवावयास शिकविलें तोच हात. पुढें तिचे यजमान फार दिवस आजारी होते. तिनें मागितलें नाहीं, आणि आम्हीं विचारलें नाहीं.

पडवींत त्या मुलीसमोर बसल्यावर तें लुगडें आमच्या डोळ्यांपुढें आलें. आम्हीं तिला समजाविलें नाहीं. एवढेंच विचारलें, "बाई, तुझ्या मनांत काय आहे?" ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "मले काही नाही पाहिजे जी. फक्त माहेर राहू द्या." आईनें पदर डोळ्यांस लावला. या उत्तरास आमच्याजवळ ना स्मृतींत उत्तर होतें, ना कायद्यांत. हिस्सा घेतला तर माहेर जातें आणि माहेर राखावें तर हिस्सा जातो, अशी ही गांठ कोणी घातली? आम्ही आणि आमच्यासारख्यांनींच.

बाहेर येऊन आम्हीं भावांस आमच्या घरची वरील गोष्ट सांगितली. उपदेश असा कांहीं केला नाहीं. थोरला खालीं मान घालून ऐकत होता. धाकटा उठून गाय सोडावयास गेला. त्या दिवशीं हक्कसोडावर सही झाली नाहीं, इतकेंच आमच्या डोळ्यांदेखत घडलें.

परततांना वर्ध्यास जमनालालजींची आठवण झाली. बच्छराजांच्या घरीं दत्तक आलेल्या या मुलानें वयाच्या सतराव्या वर्षीं आजोबांच्या रागाच्या बोलण्यावरून सर्व संपत्तीवरील हक्क सोडल्याचा कागद लिहून दिला आणि घर सोडलें. तेंही एक हक्कसोडपत्रच. मुलानें लिहिलें म्हणून चरित्रांत गेलें. मुलींनीं लिहिलेलीं तशीं पत्रें प्रत्येक दुय्यम निबंधकाच्या कचेरींत गठ्ठ्यांनीं पडलीं आहेत. आणि ज्या पवनारहून १९५१ च्या मार्चांत पायीं निघालेले विनोबा पुढें पोचमपल्लीस भूदानापर्यंत पोंचले, त्यांनीं गांवोगांव मागणें मागितलें तें असें कीं, तुम्हांस पांच पुत्र असतील तर मला सहावा समजा. लोकांनीं लाखो एकर दिले. बाहेरून आलेल्या संन्याशास पुत्र मानण्याइतकें मन मोठें करणारे लोक. त्यांच्याच घरीं पोटच्या मुलीची मोजदाद होत नव्हती.

दुसरी खेप गेल्या वर्षीं, २०२५ च्या कार्तिकांत. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं आणि सबंध रस्ता ५ जून २०२५ रोजीं खुला झाला होता. आम्हीं केळझरचा सिद्धिविनायक आधीं केला. महाभारतांतील एकचक्रा ती हीच, भीमानें बकासुर मारला तो येथेंच, अशी तेथील आख्यायिका. घरटी पाळी लावून गाडाभर अन्न आणि एक माणूस मागणारा तो राक्षस! १२० मीटर रुंदीचा रस्ताही गांवागांवांतून पाळीनें शेत मागत गेला. पण यानें किंमत मोजली, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. येळाकेळीजवळून महामार्गावर चढण्याची वाट आहे. आमच्या विद्यार्थ्यानें हौसेनें थोडें अंतर नेऊन आणलें. दोहों बाजूंस कुंपण, मध्यें सहा पदरी रस्ता, आणि गाड्या अशा जात होत्या कीं एकीचाही आकार नीट ध्यानांत येईना. एके ठिकाणीं तो म्हणाला, "गुरुजी, आपली विहीर इथं होती." तो 'इथं' म्हणेपर्यंत ती जागा कोठल्या कोठें मागें गेली.

टिप्पर घेतला होता, दोन वर्षें चालला, आतां अंगणांत उभा आहे. चाकांखालीं विटा आहेत. थोरल्यानें तालुक्याबाहेर एक एकर घेतलें. घरावर स्लॅब पडला. आई काशीस जाऊन आली, आणि परत आल्यावर चार महिन्यांनीं गेली. आणि बहिणीचें? भावांनीं तिच्या नांवें बँकेंत मुदतीची ठेव ठेविली. चौथा हिस्सा नव्हे. त्याच्या निम्म्याहून कांहीं अधिक. कायद्यानें हें कमीच. ती दिवाळीस येते, चार दिवस राहते, तिच्या मुलीच्या परिचारिकेच्या शिक्षणास त्याच व्याजाचा आधार झाला असें विद्यार्थी सांगत होता. सांगतांना त्याच्या स्वरांत अभिमान होता आणि थोडा संकोचही. दोन्ही आम्हांस योग्यच वाटलीं.

घरीं परतल्यावर आम्ही पाटी घेऊन बसलों. मुद्दल बारा हजार, मुदत छत्तीस वर्षें, दर शेंकडा सहा, चक्रवाढ. असें उदाहरण आम्हीं मुलांस शेंकडों वेळां घातलें असेल. उत्तर सत्त्याण्णव हजार सातशें सदुसष्ट आलें. आमच्या सौभाग्यवतीनें दुसऱ्यांदा पडताळून पाहिलें आणि म्हणाली, "दर कमी धरलात. तेव्हां बँका दहा देत होत्या." तें खरें होतें, पण दहानें आलेला आंकडा आमच्या शक्तीबाहेर गेला. सहाच्या आंकड्याचा धनादेश लिहून ताईस अमरावतीस स्पीड पोस्टानें पाठविला. सोबत चिठ्ठी लिहावयाचें योजिलें होतें. चार कागद फाडले आणि शेवटीं नुसती तारीख लिहिली, १९८९ ची.

पोंचल्याची पावती आली आहे. तिच्यावर ताईची सही आहे, तीच वळणदार. दर रविवारीं तिचा फोन येतो. गुडघे, पाऊस, नातवंडें, सर्व बोलणें होतें. धनादेशाचा विषय ती काढीत नाहीं आणि आमच्यानेंही काढवत नाहीं. तीन महिन्यांनंतर धनादेश वटत नाहीं. दोन होऊन गेले. काल बँकेंत जाऊन पुस्तक भरून आणलें. रक्कम अद्याप आमच्याच नांवावर दिसते.