मेस्त्रींचं देणं

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आजही रस्त्यावर धावते, ती मेस्त्रींनी रंग द्यायला नकार दिला म्हणून. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकाजवळच्या एका बोळात त्यांचं गॅरेज होतं. मी रंगाचं विचारायला गेलो. त्यांनी गाडीची एक बाजू जॅकवर घेतली आणि मला दार लावायला सांगितलं. दार लागेना.

"गाडी पिळतीया पोरा. आधी हाडं, मग कातडं."

जीपला खाली वेगळी चासी असते; पद्मिनीला ती नाहीच. १९५३ साली इटलीत आलेल्या फियाट ११०० चा हा वंश. यात पत्र्याची बॉडी हीच चासी. भार पेलतात ते फ्लोअर, खांब आणि दारांखालची पोकळ सिल. कोल्हापूरच्या पावसात ती सिल आतून सडते, वरचा रंग मात्र शाबूत दिसतो.

मी इंजिनिअर, पिळाची सूत्रं मला पाठ होती. मेस्त्रींनी पुठ्ठ्याची एक नळी माझ्या हातात दिली. ती पिळता येईना. मग त्यांनी ब्लेडनं तिला उभी चीर दिली आणि नळी सहज वळली. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढंच. बंद नळीचा ताठपणा शेकडो पट का असतो, ते त्या एका चिरेत दिसलं. आमची सिल तशीच उघडी पडली होती.

जाड पट्ट्या ठोकायला त्यांनी साफ नकार दिला. त्यानं वजन वाढतं आणि पट्टी संपते तिथं पातळ पत्रा तडकतो. दारांच्या चौकटीत अँगल टाचून त्यांनी बॉडी जागच्या जागी धरली, एका वेळी एकच बाजू कापली, सुतळीनं कर्ण मोजत राहिले. वेल्डिंगचा एक टाका इथं, दुसरा लांब, म्हणजे उष्णतेनं पत्रा ओढला जात नाही. पाणी निचरायची भोकं मोकळी ठेवली.

दुसरी बाजू त्यांनी माझ्याकडून करून घेतली. गिऱ्हाइकं थांबवून शेजारी उभे राहिले. त्या वेळेचे पैसे बिलात नव्हते, आणि ते देऊन फिटलेही नसते.

घरी जुनी पद्मिनी असेल तर रंग निवडण्याआधी तिला जॅकवर घ्या, दार लावून बघा. पद्मिनीचं उत्पादन केव्हाच थांबलं, तरी सुटे भाग शोधले तर मिळतात. असे हात मिळणं अवघड. पेठांतल्या, उद्यमनगरातल्या जुन्या मेस्त्रींकडे मुलांना शिकायला पाठवा, आणि शिकवण्याचे पैसे त्यांना आधी द्या.