कुलपातली किल्ली

सहा रात्री खपून बांधलेली सिस्टिम पहिल्याच बूटला कोसळली. काळ्या पडद्यावर कर्नल पॅनिक, म्हणजे सिस्टिमचा गाभाच ठप्प.

‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ म्हणजे तयार सिस्टिम न घेता सोर्स कोडपासून एकेक पॅकेज कंपाइल करत लिनक्स उभं करणं. मूळ पुस्तक जेरार्ड बीकमन्स यांचं, १९९९पासूनचं. त्यात वेळ मिनिटांत देत नाहीत. बिनयुटिल्स या पॅकेजच्या पहिल्या फेरीला तुमच्या मशिनवर जेवढा वेळ लागेल, तो एक एसबीयू. पुढची सगळी मोजणी त्याच मापाने. ओंजळ ज्याची त्याची. माझी तीन मिनिटांची निघाली. जीसीसी हा कंपाइलर तर तीनदा बांधायचा, कारण जुन्या सिस्टिमचं नवीला काही चिकटून राहायला नको.

एवढं सोवळं पाळूनही पॅनिक! पडद्यावर लिहिलं होतं, रूट डिव्हाइस उघडत नाही, ‘अननोन-ब्लॉक (०,०)’; ‘रूट=’ नीट द्या, उपलब्ध पार्टिशन्स पुढीलप्रमाणे. सल्ला मिळाला म्हणून मी ग्रब या बूटलोडरमधली ती ओळ दोन रात्री बदलत बसलो. नाव बदल, आकडा बदल, पुन्हा बूट. ढिम्म!

तिसऱ्या रात्री लक्ष गेलं, ‘पुढीलप्रमाणे’च्या पुढे काहीच नव्हतं. नाव चुकलं असतं तर खरी नावं तरी खाली दिसली असती. यादीच कोरी, म्हणजे कर्नलला डिस्क दिसतच नव्हती.

जुन्या सिस्टिममधून बूट केलं, पार्टिशन माउंट करून क्रूटने आत शिरलो आणि कर्नलच्या सेटिंग्जचं मेन्यूकॉन्फिग उघडलं. डिस्कच्या एनव्हीएमई ड्रायव्हरपुढे चांदणीऐवजी ‘एम’ होता. म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता, सुटं मॉड्यूल म्हणून डिस्कवर ठेवलेला होता. आणि ती डिस्क वाचायला हाच ड्रायव्हर हवा! कपाटाची किल्ली कपाटातच. तयार डिस्ट्रो असे ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूट होताना मेमरीत उघडणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममध्ये, बांधून सोबत देतात. मी इनिटरॅमएफएस केलाच नव्हता. ‘एम’च्या जागी चांदणी दिली, कर्नल पुन्हा कंपाइल केला, बूट फोल्डरमध्ये कॉपी केला.

या खेपेला लॉगिन आलं. बायकोने डोकावून विचारलं, “झालं एकदाचं? काय काय करता येतं यावर?”

“अजून काहीच नाही,” म्हटलं. ब्राउझर सोडा, माउसचा बाणही नव्हता. पण हल्ली एरर आली की ती काय सांगते ते वाचून झाल्यावर, तिने कुठली जागा कोरी सोडलीय तेही मी बघतो.