पाचशे नव्वद रुपयांची पावती

ती पावती मी अजून जपून ठेवली आहे. तपासणी शुल्क ५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ५९०. खाली शेऱ्याच्या रकान्यात छापील अक्षरांत लिहिलंय : टचपॅड खराब, पार्ट उपलब्ध नाही. त्याच्याखाली निळ्या पेनानं, घाईघाईत : नवीन घेणे. दीड वर्ष होऊन गेलं, तरी फाइल चाळताना ती हाती लागली की माझं डोकं तापतं.

लॅपटॉप माझ्या वहिनींचा. त्या डोंबिवलीला राहतात आणि घरून डीटीपी करतात. पुस्तकं, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका आणि जुलै उजाडला की दिवाळी अंक. दादाची नोकरी गेली त्या वर्षी घर याच कामावर चाललं. २०१७ च्या दिवाळीत ३८ हजारांना घेतलेलं ते यंत्र रोज दहा-दहा तास चालायचं. घरात कॉम्प्युटरचं काही बिघडलं की फोन मला येतो, कारण मी एका कंपनीच्या हिशेब खात्यात आहे आणि दिवसभर स्क्रीनसमोर असतो.

२०२४ च्या जुलैअखेरीस वहिनींचा फोन आला. “भावजी, टचपॅड दाबलाच जात नाहीये. दगडासारखा झालाय.”

“किती वर्षं झाली त्याला?”

“दिवाळीत सात होतील.”

“मग झालं की वहिनी. पाच वर्षांच्या वर चालला तो आपला फायदाच समजायचा.”

हा पाचाचा आकडा मी वर्षानुवर्षं सगळ्या नातेवाइकांना ठणकावून सांगत आलो होतो. कंपनी कायदा २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉपचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरलंय, सर्व्हरचं ६. आमच्या वहीत तीन वर्षांनी लॅपटॉपची किंमत जवळजवळ उरत नाही. घरचा वापर म्हणून मी दोन वर्षं वाढवायचो, झालं. घसारा लावण्यासाठी ठरवलेल्या आकड्याचा यंत्राच्या प्रकृतीशी काय संबंध, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. मोठ्या कंपन्या असे तीन-चार वर्षांचे लॅपटॉप शेकड्यानं विकून टाकतात, ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये पुसूनपासून पुन्हा विकायला येतात आणि पुढे चांगली चार-पाच वर्षं चालतात. हे मी स्वतःच्या कंपनीत पाहिलेलं होतं. तरी आकडा तोच सांगायचो.

वहिनींनी माउस जोडला आणि काम पुढे रेटलं. दोन अंक हातात होते. आठवड्याभरात झाकण नीट मिटेना. पुढच्या बाजूला कागद सरकेल एवढी फट राहायला लागली. तेव्हा त्या लॅपटॉप घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेल्या.

काउंटरवरच्या मुलानं आधी खरेदीची तारीख विचारली. २०१७ म्हटल्यावर तो म्हणाला, “मॅडम, एवढं जुनं मॉडेल!” लॅपटॉप चार दिवस ठेवून घेतला आणि ती पावती हातात दिली. टचपॅड, कीबोर्ड आणि तळहात टेकतो ती पट्टी एकत्रच बदलावी लागते, तो भाग आता येत नाही, असं तोंडी सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही.

त्यानंतर नऊ रात्री तो लॅपटॉप घरात तसाच चालू होता. वहिनी एक-दीडपर्यंत काम करायच्या, मग तो हॉलमधल्या दिवाणावर चार्जिंगला लावायच्या आणि धूळ बसू नये म्हणून वर सुती फडका टाकायच्या. दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला माझी नऊ वर्षांची पुतणी झोपायची.

नवीन लॅपटॉप घ्यायचं आमचं ठरलंच होतं. जुन्यातली हार्ड डिस्क तेवढी काढून घ्यायची म्हणून एका शनिवारी मी तो घेऊन निघालो. डोंबिवलीहून फास्ट लोकलनं दादर, तिथून पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड. दादरच्या पुलावर नेहमीची रेटारेटी. लॅपटॉपची पिशवी मी छातीशी आवळून धरली होती. पुढे-मागे माणसं दाबत होती.

लॅमिंग्टन रोडचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते बिलावर असतं तेवढंच. एका जुन्या इमारतीत जिना चढून गेलं की पन्नाशीचे एक गृहस्थ दुरुस्तीचं दुकान चालवतात. मी लॅपटॉप काचेच्या काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, “याची हार्ड डिस्क काढून द्या, बाकी बाद झालाय.” त्यांनी तो उघडला नाही. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर एकेक बोट ठेवून हलकं दाबलं. लॅपटॉप डुगडुगला. सपाट काचेवर, एखाद्या पोक आलेल्या पाटासारखा.

“रात्री हा चार्जिंगला कुठे ठेवता?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता मागचे स्क्रू काढायला घेतले.

आत जे दिसलं ते मी विसरणार नाही. काळ्या चकचकीत वेष्टनातले तीन चपटे सेल, त्यातले दोन पुरीसारखे टम्म. त्यांनी टचपॅडला खालून इतकं वर रेटलं होतं की तो दबायला जागाच उरली नव्हती. टचपॅड ठणठणीत होता. झाकण मिटत नव्हतं तेही याच फुगवट्यामुळे. त्यांनी आधी बॅटरीची जोडणी सोडवली, मग धातूचं टोकदार काहीही न वापरता बॅटरी अलगद उचलली आणि कोपऱ्यातल्या वाळूच्या डब्यात ठेवली. “हिला टोचलं किंवा जोरात दाबलं ना, तर विझवायला वेळ मिळत नाही.” मला दादरचा पूल आठवला.

लिथियम-आयन सेलचं म्हातारपण असंच येतं. साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाला की त्याची धारणशक्ती मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरते. त्यात कायम १०० टक्के भरलेला आणि वर गरम राहिला, तर आतलं द्रव विघटित होऊन वायू तयार होतो. पूर्वीच्या जाड लॅपटॉपमध्ये १८ मिलिमीटर व्यासाचे पोलादी नळकांड्यांचे सेल असायचे. ते फुगलेले दिसत नसत, पण धोका त्यांनाही होताच. २००६ च्या ऑगस्टमध्ये डेलनं सोनीचे सेल असलेल्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. मात्र ती बॅटरी खटका दाबून बाहेर काढता यायची. लॅपटॉप पातळ झाले तसे सेल चपटे झाले, लवचीक वेष्टनात गेले आणि थेट आपल्या मनगटांखाली, स्क्रूच्या आड जाऊन बसले. आता फुगवटा दिसायचा तर तो टचपॅडमधून, झाकणाच्या फटीतून किंवा सपाट टेबलावरच्या डुगडुगीतून.

आता त्या पावतीकडे परत येतो. टचपॅड तपासायचा तर तळ उघडावा लागतो. तळ उघडल्यावर पहिली गोष्ट करायची ती बॅटरीची जोडणी सोडवायची, हे कुठल्याही शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणजे ज्यानं तो लॅपटॉप उघडला त्याचा हात त्या बॅटरीला लागलाच असणार. उघडला नव्हता म्हणावं तर मागच्या एका स्क्रूवर त्यांनीच चिकटवलेला कागदी शिक्का होता, तारखेसकट. आणि उघडलाच नसेल, तर ५९० रुपये कशाचे घेतले? पावतीवर एक ओळ लिहायची होती : बॅटरी फुगली आहे, वापरू नका. भाग मिळत नाही तर नाही, दुरुस्ती जमत नाही तर नाही, पण एवढं सांगायला काय अडचण होती? लॅपटॉप परत देताना त्याच मुलानं वहिनींना चार्जरही पिशवीत घालून दिला होता.

मी पत्र लिहिलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली. उत्तर आलं, की तपासणीच्या वेळी बॅटरीत दोष आढळला नव्हता. नऊ दिवसांत फुगली असेल, असं मीही क्षणभर धरून पाहिलं. पण मग जुलैपासून टचपॅडला खालून काय दाबत होतं? शेवटी सदिच्छा म्हणून ५९० रुपये परत देऊ केले. मी म्हटलं, घ्यायचे नाहीत, ग्राहक आयोगाकडे जाऊ. वहिनी म्हणाल्या, “भावजी, परवा अंक छापायला जायचाय. घेऊन टाका आणि विषय संपवा.” त्यांनी पैसे घेतले. त्यांच्या जागी त्या बरोबर होत्या, हे मला कळतं. मला अजून ते पटलेलं नाही.

दुरुस्तीचं सांगायला फार नाही. नवी बॅटरी २,६०० ची. मूळ कंपनीची मिळाली नाही, दुसऱ्या बनावटीची बसवली आणि त्यावर त्या गृहस्थांनी मार्करनं तारीख लिहिली. मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली, ४ जीबी रॅमची ८ केली, पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलली. एकूण साडेआठ हजार. सुरू व्हायला चार मिनिटं घेणारा लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार व्हायला लागला. त्या वर्षी वहिनींनी तीन दिवाळी अंक त्याच्यावर लावले. ज्याला मी बाद ठरवलं होतं, त्याच्यावर.

मग मी इतकं वाचलं आणि इतक्यांना पकडून सांगितलं, की ऑफिसात लोक मला टाळायला लागले असतील. पण सांगायलाच हवं होतं. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे दहापैकी गुण लिहावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस पोर्टलही काढलं. पण सुटे भाग अमुक वर्षं द्यावेच लागतील, असं कुणाला ठणकावून सांगितल्याचं माझ्या वहिनींच्या अनुभवात तरी दिसलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातल्या पाव भागाचीही रीतसर विल्हेवाट नोंदली गेली नाही. त्या ढिगात नुसत्या बॅटरीपायी गेलेले लॅपटॉप किती असतील, असं मनात येतंच. घरी लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय बहुतेक नव्या यंत्रांत असते, ती सुरू करा. फुगलेली बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका, तो ती हातोडीनं फोडतो. पाच वर्षांचा आकडा मी आता कुणाला सांगत नाही.

आणि तरीही २०२५ च्या नोव्हेंबरात वहिनींना नवा लॅपटॉप घ्यायला लावणारा मीच होतो.

झालं असं, की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची सुरक्षेची नियमित अपडेट्स थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि ढोबळमानानं इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. ही आठवी पिढी २०१७ च्या ऑगस्टमध्येच आली होती. पण वहिनींना त्या दिवाळीत दुकानदारानं सवलत म्हणून दिला तो सातव्या पिढीचा, उरलेला माल. तेव्हा तीन-चार हजार वाचल्याचा सगळ्यांना आनंद झाला होता, मलाही. आणखी वर्षभर सुरक्षा मिळवायची वाट होती, पण त्याच यंत्रावर वहिनी बँकेचे व्यवहार करतात, प्रकाशकांचे करार ठेवतात. डाव्या बिजागरीचं प्लॅस्टिकही तडकलं होतं. दुकानात मी रॅम बदलता येते का, बॅटरी वेगळी मिळेल का, असे सगळे प्रश्न विचारले. जो घेतला त्याची रॅम बोर्डावरच पक्की केलेली आहे. वजन सव्वा किलो, आणि वहिनींचा खांदा दुखतो. सगळं माहीत असून मी “हाच घ्या” म्हटलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला हलकं वाटलं.

जुना मात्र टाकलेला नाही. वहिनींची वीस वर्षांची कामं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत आहेत. त्या फॉन्टांचं सॉफ्टवेअर यूएसबी लॉक लावल्याशिवाय उघडत नाही आणि ते लॉक नव्या लॅपटॉपला ओळखू येत नाही. पेजमेकरच्या जुन्या फायलीही तिथंच कशाबशा उघडतात. म्हणून त्याचं इंटरनेट कायमचं बंद करून तो कपाटात ठेवलाय.

गेल्या महिन्यात एका प्रकाशकाचा फोन आला. २००९ साली वहिनींनी लावलेल्या एका पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची होती. मी तिथंच होतो. वहिनींनी जुना लॅपटॉप खाली काढला, जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि चार्जर लावायच्या आधी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर बोटं ठेवून दाबून पाहिलं. तो हलला नाही. मग त्यांनी लॉक लावलं, फाइल उघडली आणि पहिल्या पानावरचे जोडाक्षरांचे दोष वहीत टिपायला घेतले.