बोळिंजमधल्या दोन खुर्च्या

विरार स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले की आगाशी-अर्नाळ्याकडे जाणारा रस्ता लागतो. त्याच रस्त्यावर आमचे बोळिंज. माझे माहेर श्रीवर्धनचे. लग्न होऊन मी येथे आले ती 1995 च्या डिसेंबरात. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. आमच्या आळीत कौलारू घरे होती, मागे विहीर आणि विहिरीच्या पाण्यावर केळीची वाडी. मगरिबची अजान झाली की रस्ता सामसूम व्हायचा.

2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. म्हाडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. आज नव्या माणसाला विरार कोठे संपते आणि बोळिंज कोठे सुरू होते, हे सांगता येणार नाही. आमच्या घरामागे मात्र एक मोकळी जागा अजून शिल्लक आहे. पावसाळा संपला की मुले तिच्यावरचे गवत काढतात, मधली पट्टी पाणी मारून चोपतात, आणि दर रविवारी टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. या जागेच्या कडेला प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडलेल्या दिसल्या तर समजा, आम्ही नवरा-बायको तेथे आहोत.

या दोन खुर्च्या तेथे कशा आल्या, तेच सांगायचे आहे.

लग्नानंतर सातच महिन्यांनी मुलांचे अब्बा शारजाला कामाला गेले. कोकणातल्या आणि आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांची हीच कहाणी आहे! दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. मुलगा जन्मला तेव्हा हे तिकडे, मुलगी जन्मली तेव्हाही तिकडेच. फोन महाग होता, म्हणून आम्ही कॅसेटवर बोलणे भरून, कोणी येणार-जाणार असेल त्याच्या हाती पाठवायचो. घरचे सगळे बाजूला बसलेले असत. मग नवऱ्याशी काय बोलणार? सासूबाईंची तब्येत, मुलांचे दात, पैसे मिळाले, संपले.

एका कॅसेटमध्ये मात्र वेगळेच निघाले. एप्रिल 1998 मध्ये शारजात भारत-ऑस्ट्रेलियाचे सामने झाले. 22 तारखेला वाळूचे वादळ आले, खेळ थांबला, पण त्या सामन्यात सचिन तेंडुलकरने 143 धावा काढल्या. भारत सामना हरला, पण अंतिम फेरीत पोहोचला. 24 तारखेला शुक्रवार होता, म्हणजे यांच्या सुट्टीचा दिवस. जुम्याची नमाज झाल्यावर हे सोबत्यांबरोबर स्टेडियममध्ये गेले. त्या दिवशी सचिनचा पंचविसावा वाढदिवस होता. त्याने 134 धावा केल्या आणि भारत जिंकला. यांनी कॅसेटची एक अख्खी बाजू त्या सामन्याने भरली होती. मीही तो सामना शेजारच्या खालांकडे पाहिला होता. माहेरी दोन भावांबरोबर वाढल्यामुळे मला खेळ कळतो, हे यांना ठाऊकच नव्हते. मी उलट कॅसेटमध्ये सांगितले, ‘तुम्ही ज्या चौकाराला टाळ्या वाजवत होतात, त्याच वेळी मीही येथे वाजवत होते.’ लग्नानंतर आम्ही एकत्र केलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट, आणि मध्ये होता अरबी समुद्र.

2014 मध्ये, जिल्हा झाला त्याच वर्षी, हे कायमचे परत आले. अठरा वर्षांत आमचा सहवास जेमतेम दीड वर्षाचा. सगळ्यांनी मुबारकबाद दिली. पण आखातातून माणूस परतल्यावर घरात काय होते, याबद्दल कोणी बोलत नाही. यांना साखरेचा डबा कोठे आहे हे माहीत नव्हते. मुले बाहेर जाताना मला विचारायची, यांना नाही. हे काही बोलले की मला वाटे, माझ्या कारभारात चूक काढतात. मी काही बोलले की यांना वाटे, आपली येथे गरज नाही. भांडण नव्हते. भांडायलाही ओळख लागते. घरात एक शांतता होती आणि ती मला एकटेपणाच्या वर्षांपेक्षाही जड वाटत असे.

हे रविवारी मैदानावर जाऊन बसू लागले. एका रविवारी यांची रक्तदाबाची गोळी घरीच राहिली, म्हणून मी ती आणि पाण्याची बाटली घेऊन गेले. हे म्हणाले, ‘बस जरा.’ मी कुंपणाच्या कट्ट्यावर टेकले. एक डावखुरा मुलगा सारखा एकाच बाजूला मारत होता. मी सहज म्हटले, ‘त्या बाजूचा माणूस थोडा मागे न्यायला हवा.’ दुसऱ्याच चेंडूवर झेल त्याच जागी उडाला आणि सुटला, कारण तेथे कोणी नव्हते. हे माझ्याकडे पाहत राहिले. मग आम्ही तासभर बोललो. मागच्या सहा महिन्यांत मिळून इतके बोललो नव्हतो. अस्रची वेळ झाली तेव्हा उठलो. पुढच्या रविवारी यांनी घरातून दोन खुर्च्या उचलल्या.

बोळिंजच्या मुलांना तेव्हा खेळाचे वेडच लागले होते. आमच्या विरारच्या पृथ्वी शॉने नोव्हेंबर 2013 मध्ये हॅरिस शिल्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफिल्ड शाळेकडून 546 धावा काढल्या होत्या. वय अवघे चौदा. वडिलांबरोबर खेळाचे सामान घेऊन विरारहून लोकलने वांद्र्याला सरावाला जाणारा हा मुलगा 2018 मध्ये भारतासाठी पहिली कसोटी खेळला आणि त्याच सामन्यात त्याने शतक केले. ज्यांनी विरार लोकलची गर्दी पाहिली आहे, त्यांनाच तो प्रवास काय असतो ते कळेल. मैदानावरच्या प्रत्येक मुलाला वाटे, पुढचा मीच.

पण गावात कुजबुज सुरू झाली. नातवंडे असलेल्या एका बाईंनी मला वाटेत थांबवून विचारले, ‘ही काय बायकांनी बसायची जागा आहे?’ मी ओशाळले. पुढचे दोन रविवार मी गेले नाही. कपडे धुवायचे आहेत, पाहुणे येणार आहेत, अशी कारणे सांगितली. तिसऱ्या रविवारी यांनी कारण ओळखले. म्हणाले, ‘शारजातल्या मशिदीत एकदा खुतब्यात ऐकले होते. तेव्हा तू जवळ नव्हतीस, म्हणून ते मनात राहून गेले.’

मग त्यांनी ती हदीस सांगितली. ‘सहीह बुखारी’त ती आहे. ईदचा दिवस होता. हबशी लोक मस्जिदे नबवीत ढाली आणि भाले घेऊन खेळ करून दाखवत होते. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी हजरत आयशा (रजि.) यांना विचारले, तुला पाहायचे आहे का? त्या हो म्हणाल्या. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना आपल्या मागे उभे केले. गालाला गाल लागलेला, अशा त्या पाहत राहिल्या. त्यांचे मन भरेपर्यंत प्रेषित (सल्ल.) तसेच उभे राहिले. ‘पुरे झाले का?’ हेही त्यांनीच विचारले आणि त्या हो म्हणाल्यावरच त्यांना जाऊ दिले.

मी ही हदीस आधी वाचली होती, पण ती ईदच्या आनंदाविषयी आहे असेच मला वाटे. त्या दिवशी मला त्यात एक पती दिसला. त्यांच्यावर उम्मतच्या किती जबाबदाऱ्या होत्या! तरी पत्नीची हौस भागेपर्यंत ते उभे राहिले. आपल्याकडे नवरा बायकोसाठी कमावतो, दवाखान्यात नेतो, हजची इच्छा पूर्ण करतो. पण तिच्या शेजारी, तिला आवडते ते पाहत, तिचे मन भरेपर्यंत किती जण थांबतात?

त्या दिवशी मी माझी खुर्ची स्वतः उचलली. ज्या बाईंनी टोकले होते, त्या पुढच्या थंडीत नातवाचा सामना पाहायला आल्या. मी त्यांना माझी खुर्ची दिली.

आता मुलाविषयी. तोही दुबईत नोकरीला आहे. त्याचा निकाह झाला आणि महिनाभरात तो परत गेला. सून आमच्याजवळ राहिली. नोव्हेंबर 2025 मध्ये दुबईत बेसबॉलच्या एका नव्या लीगचा पहिला मोसम सुरू झाला. चार संघ, त्यांत एक मुंबईचा आणि एक कराचीचा. मुलगा मित्रांबरोबर सामना पाहायला गेला आणि तेथून त्याने व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे इशाची नमाज झाली होती. अंगणातल्या दोन खुर्च्यांवर आम्ही आणि मध्ये स्टुलावर सून, असे तिघे एका मोबाइलमध्ये डोके घालून बसलो. पुढे त्याने आम्हाला मोबाइलवर सामने कसे पाहायचे ते शिकवले. मग तो आमचा रात्रीचा नेमच झाला.

शारजात यांच्याबरोबर फिलिपिन्सचा एक कामगार होता. त्याच्याकडून यांना बेसबॉलचे थोडे नियम माहीत झाले होते. हे समजावू लागले. चारी बाजू 90 फुटांच्या, असा चौकोन. चार कोपऱ्यांपैकी एक म्हणजे ‘होम’, घर. बॅट घेऊन माणूस घरापाशी उभा राहतो. चेंडू मारला की बॅट टाकून पहिल्या कोपऱ्याकडे धावतो. तेथे थांबायचे, संधी मिळाली की दुसऱ्या, मग तिसऱ्या कोपऱ्याकडे. संघाचे तीन गडी बाद झाले की डाव संपला.

सुनेने विचारले, ‘अब्बा, हा तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत आला. याच्या किती धावा झाल्या?’

‘एकही नाही,’ हे म्हणाले. ‘क्रिकेटमध्ये दुसऱ्या टोकाला पोहोचला की धाव मिळते. यात घरी परत यावे लागते. घराला पाय लागला तरच एक धाव.’

‘आणि परत यायच्या आधीच डाव संपला तर?’

यांनी उत्तर दिले नाही. माझ्याकडे पाहिले. मोबाइलमध्ये तो खेळाडू तिसऱ्या कोपऱ्यावरच उभा होता. तिसरा गडी बाद झाला आणि तो मान खाली घालून परत गेला.

त्या रात्री यांनी मुलाला पुन्हा फोन लावला. हे मुलांना उपदेश करणारे नव्हेत. एवढेच म्हणाले, ‘बेटा, मी अठरा वर्षे हिशेब चुकीचा मांडला. तू किती पैसे पाठवतोस ते मी विचारणार नाही. एक तर तिला बोलावून घे, नाही तर तू ये. मात्र दोन-दोन वर्षे घालवू नकोस.’ मुलगा घरभाड्याचे सांगू लागला. हे म्हणाले, ‘लहान खोली घे.’

गेल्या महिन्यात सुनेचा व्हिसा आला. आम्ही तिला विमानतळावर सोडून पहाटे बोळिंजला परतलो, तेव्हा फज्रची अजान होत होती. पहिल्याच आठवड्यात तिने एक फोटो पाठवला. दोघे कोठल्याशा मैदानाबाहेर गवतावर बसून लहान मुलांचे क्रिकेट पाहत होते. सोबत तिने लिहिले होते, ‘अम्मी, येथे खुर्च्या नाहीत.’

मी लिहिले, ‘चालेल.’

स्टूल आम्ही पुन्हा स्वयंपाकघरात नेऊन ठेवले आहे. बाहेर दोनच खुर्च्या असतात. रविवारी सामने आहेत. हे कालच म्हणत होते, यंदा तो डावखुरा मुलगा दोन्ही बाजूंना मारायला शिकला आहे. मला पटत नाही. पाहू या.