लाइट आहे तोवर

खान्देशात ऊन आणि परीक्षा एकाच वेळी येतात. ‘नीट’ 2023, 2024 आणि 2025 या तिन्ही वर्षी मेच्या पहिल्या रविवारी झाली. म्हणजे शेवटची उजळणी एप्रिलमध्ये, जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांवर चढलेला असतो तेव्हा. माझी भाची अशाच एका एप्रिलमध्ये धरणगाव तालुक्यातल्या तिच्या गावी अभ्यास करत होती. पत्र्याचं घर, आणि सगळा अभ्यास एका टॅबमध्ये.

टॅब ‘महाज्योती’कडून मिळालेला. नागपूरची ही राज्य सरकारची संस्था इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीचं ऑनलाइन प्रशिक्षण मोफत देते. सोबत टॅब आणि रोजचा 6 जीबी डेटा. शहरात खोली घेऊन क्लास लावणं ज्या घराला झेपत नाही, तिथे त्या टॅबचं मोल काय असतं हे मी माझ्या बहिणीच्या घरी पाहिलं आहे. पोरगी तो ओढणीत गुंडाळून ठेवायची.

मी धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. बहिणीचा फोन आला, “भाऊ, टॅब रातभर लावला तरी भरत नाही. पोरगी रडते.” मागून भाचीचा आवाज आला, “मामा, चार्ज व्हतच नही!” गावात दुपारी तासन् तास लाइट जायची, येईल तेवढ्या वेळात टॅब भरला नाही, तर त्या दिवशीचं लेक्चर बुडायचं. रविवारी पारोळा-एरंडोलमार्गे एसटीने गेलो. बॅगेत एक छोटं यूएसबी मीटर घेतलं होतं. चार्जर आणि वायरच्या मध्ये ते लावलं, की किती व्होल्ट आणि किती अँपिअर जातात ते दिसतं.

दाजींचं ठाम मत होतं, की दोष गावच्या व्होल्टेजचा. शेतातले पंप सुरू झाले की घरातला बल्ब मंद होतो, पंखा रेंगाळतो, तसंच टॅबचंही होत असणार. गावोगावी हेच ऐकायला मिळतं. मी त्यांना अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: इनपुट 100 ते 240 व्होल्ट. या पट्ट्यात भिंतीतला दाब कितीही खाली-वर झाला, तरी आजकालचा अडॅप्टर बाहेर तेवढेच व्होल्ट देतो. 230 चे 170 झाले तरी टॅबला पत्ता लागत नाही. खरी गोष्ट त्याच्या खालच्या ओळीत होती. आउटपुट 5 व्होल्ट, 1 अँपिअर. म्हणजे 5 वॅट. टॅबचा मूळ अडॅप्टर एका लग्नाच्या गडबडीत हरवला होता, आणि दाजींच्या जुन्या मोबाइलचा त्याच्या जागी आला होता.

आता हिशेब बघा. टॅबची बॅटरी 7,000 एमएएचची; 3.85 व्होल्टने गुणलं की साधारण 27 वॅट-तास. 5 वॅटने ती भरायची म्हटली तर गळती धरून सहा-सात तास लागतात. टॅब 18 वॅट घेऊ शकत असेल आणि अडॅप्टरही तेवढा असेल, तर तेच काम दोन-अडीच तासांत होतं. जिथे लाइट सलग मिळत नाही, तिथे हा फरक म्हणजे अख्ख्या दिवसाचा अभ्यास.

पण मीटरवर 5 वॅटही दिसेनात. 2 च्या आसपास आकडा घुटमळत होता. आणि पोरगी टॅब लावून त्यावरच लेक्चर बघायची. स्क्रीन आणि व्हिडिओ मिळून 3-4 वॅट सहज खातात. वायर लावलेली असूनही टक्के खाली का येतात, हे तिला तेव्हा कळलं. वही काढून तिनं स्वतः वजाबाकी मांडली. ते पाहून मला फार बरं वाटलं.

उरलेले 3 वॅट कुठे गेले? काही वायरने खाल्ले. स्वस्तातली लांब केबल, आत केसासारखी तांब्याची तार. तिच्यातच व्होल्टेज घटतं. शिवाय अशा काही केबलींत डेटाच्या तारा नसतातच. मग समोर चांगला चार्जर आहे हे टॅबला ओळखता येत नाही, आणि तो संकोचून अर्धा अँपिअरच घेतो. आणि उरलेला दोष पिनमध्ये होता. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला. भाव वाढेल या आशेनं त्या हंगामात कितीतरी घरांनी तो थोपवून धरला होता, आणि टॅब त्याच खोलीत चार्जिंगला असायचा. टॉर्च मारून पाहिलं तर टाइप-सीच्या खोबणीत तळाशी कापसाच्या तंतूंचा दाबून दाबून नमदा झालेला. केबल पूर्ण आत बसतच नव्हती. टॅब बंद करून लाकडी टूथपिकने, मधल्या नाजूक जिभेला धक्का न लावता, कडेकडेनं तो काढला. सुई किंवा टाचणी इथे कधीच घालू नये. केबल ‘टक्’ करून बसली.

सोमवारी भाचीला घेऊन जळगावला गोलाणी मार्केटमध्ये गेलो. टॅबच्या खोक्यावर चार्जिंगची कमाल मर्यादा 18 वॅट लिहिली होती; त्याला जुळणारा, भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेला अडॅप्टर घेतला, आणि एक मीटरची जाड केबल. मोठ्या वॅटचा घेतला असता तरी टॅबनं जास्त घेतलं नसतं. घ्यायचं किती हे टॅबच ठरवतो. पॉवर बँकचाही विचार केला. पण 10,000 एमएएचच्या पॉवर बँकमधून प्रत्यक्षात साधारण तीस वॅट-तासच बाहेर पडतात, टॅब जेमतेम एकदा भरतो. ते पैसे वाचवले.

घरी येऊन पहाटे लावला तर मीटरवर 14-15 वॅट. बहिणीनं देवाला साखर ठेवली.

दुपारी मात्र तोच अडॅप्टर, तीच केबल, आणि आकडा 6 वर. पत्रा तापलेला, टॅब जाड रेक्झिनच्या कव्हरात, गादीवर. लिथियम-आयन बॅटरी साधारण 45 अंशांच्या पुढे चार्ज करणं तिच्या आयुष्याला घातक असतं, म्हणून टॅब आपणहून प्रवाह कमी करतो, फार तापला तर थांबवतोच. आपल्याकडे एप्रिल-मेत खोलीची हवाच तिथवर पोचते, त्यात चार्जिंगची स्वतःची उष्णता. कव्हर काढलं, टॅब शहाबादी फरशीवर पंख्याखाली ठेवला. आकडा हळूहळू चढला. शेजारच्या काकूंनी फ्रिजमध्ये ठेवायचं सुचवलं. ते करू नये, बाहेर काढताच आत दव धरतं.

मग तिनं वेळापत्रक बदललं. चार्जिंग पहाटेच्या गारव्यात, टॅब बंद करून. 80 टक्क्यांपुढे बॅटरी आपोआप सावकाश भरते, म्हणून लाइट जायची भीती असेल तेव्हा तिथेच टॅब काढून आईचा मोबाइल लावायचा. लेक्चर उतरवून घ्यायचं आणि चार्जिंग संपल्यावर बघायचं. परीक्षेपर्यंत तिचं एकही लेक्चर त्यानंतर बॅटरीपायी बुडालं नाही.

भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक केंद्र आहे, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. वीज निर्माण करणाऱ्या या भागातल्या मुलीला 18 वॅट धड मिळावेत, एवढी अपेक्षा मोठी नाही. त्यातलं निम्मं काम घरातच होण्यासारखं आहे, आणि ते कुणी शिकवत नाही. टॅब हाती देतानाच प्रत्येक शाळेनं, प्रत्येक देणगीदारानं दहा मिनिटं काढून अडॅप्टरवरच्या दोन ओळी मुलांना वाचायला शिकवाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, सोबत पोरंही येतात. त्यांच्या टॅबचा अडॅप्टर उलटा करून आउटपुटची ओळ वाचा, पिनमध्ये टॉर्च मारा. वॅट कमी दिसले, तर यंदा भाच्यांना कपड्यांऐवजी चांगला अडॅप्टर आणि जाड केबल द्या.