बोलावणं आणि टाचण

डी.एल.एड.च्या सराव पाठांसाठी आमच्या शाळेत येणाऱ्या मुलींना मी विचारते, शिक्षिका का व्हायचंय? बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं, 'मला लहान मुलं आवडतात.' ख्रिस्ती घरातून आलेली एखादी मुलगी जरा थांबते आणि आवाज खाली आणून म्हणते, 'बाई, मला वाटतं हे देवाचं बोलावणं आहे.' हे उत्तर मला मनापासून आवडतं. मीही तेच उत्तर मनात धरून अध्यापक विद्यालयात गेले होते आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत ते बदललेलं नाही. पण त्या मुलीला मी लगेच म्हणते, 'छान. आता उद्याच्या पाठाचं टाचण दाखव.'

तिला वाटतं, बाईंनी विषय बदलला. मी विषय बदललेला नसतो. देवाने बोलावलं आहे असं जिला वाटतं, तिच्या टाचणात ते बोलावणं दिसलं पाहिजे. उद्या वर्गात कोणता प्रश्न आधी विचारायचा, फळ्याच्या कोणत्या बाजूला काय लिहायचं, ज्याला कळणार नाही त्याच्यासाठी दुसरं कोणतं उदाहरण तयार ठेवायचं, याचा विचार रात्री बसून केला नसेल, तर मुलांवरचं प्रेम सकाळी अकरा वाजेपर्यंत संपतं. त्यानंतर उरतं ते आवाज चढवणं आणि 'गप्प बसा' म्हणणं.

आमच्या श्रद्धेच्या इतिहासात ही गोष्ट फार पूर्वी एका माणसाने ओळखली होती. फ्रान्समधल्या रॅंस शहरातले झाँ-बातिस्त द ला साल (1651–1719) हे श्रीमंत घराण्यातले धर्मगुरू. गरीब मुलांच्या शाळांशी त्यांचा संबंध आला, तेव्हा त्यांना दिसलं की शिकवणारी माणसं स्वतःच कच्ची आहेत. शिकवायचं कसं हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. द ला सालांनी त्या शिक्षकांना स्वतःच्या घरी राहायला आणलं. घराण्यातल्या लोकांना हे मुळीच आवडलं नाही. पुढे 1685 मध्ये त्यांनी रॅंसमध्ये शिक्षकांना तयार करणारी संस्था काढली. युरोपातल्या पहिल्या अध्यापक विद्यालयांत तिची गणना होते. लहान मुलांना वाचन शिकवायचं ते लॅटिनमधून नाही, त्यांच्या रोजच्या फ्रेंचमधून, हा त्यांचा आग्रह त्या काळी मोठा होता. 1950 मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. मी प्रोटेस्टंट मंडळीतली, संतांना हाक मारायची आमच्याकडे रीत नाही. पण शिक्षकाची तयारी हीच ज्याने भक्ती मानली, त्या माणसाचं ऋण मी मानते.

त्यांच्या चरित्रातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. शिक्षकांना भविष्याची काळजी होती. म्हातारपणी काय खायचं, आजारी पडलो तर कोण बघणार? द ला सालांनी त्यांना देवावर भरवसा ठेवायला सांगितलं. शिक्षकांनी सरळ उत्तर दिलं की तुमच्याकडे इस्टेट आहे, तुम्हाला असं बोलणं सोपं आहे. त्यांनी ते उत्तर मनावर घेतलं. चर्चमधलं मानाचं आणि उत्पन्नाचं पद सोडलं आणि 1684 च्या दुष्काळात आपली संपत्ती गरिबांसाठी वाटून टाकली. शिक्षकाला सेवेचा उपदेश करण्याआधी उपदेश करणाऱ्याने काय करायला हवं, ते त्यात आलं.

आपल्याकडची गोष्ट तर आमच्या नगरचीच आहे. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई 1827 मध्ये मुंबईला आली आणि पुढे नगरला मुलींची शाळा चालवत राहिली. 1862 मध्ये तिचा मृत्यूही इथेच झाला. जोतीराव फुल्यांनी ही शाळा पाहिली आणि मुलींसाठी शाळा काढण्याच्या त्यांच्या विचाराला तिथे बळ मिळालं. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे घेतले ते नगरला फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. सावित्रीबाईंवर चिखल-शेण फेकलं गेलं, हे आपण दर जानेवारीत मुलांना सांगतो. त्या आधी प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या, हे मात्र सांगायचं राहून जातं. धैर्य तर लागलंच, पण वर्गात उभं राहिल्यावर काय करायचं हे ठाऊक असणं हेही त्या धैर्याइतकंच महत्त्वाचं होतं. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत आणि त्यामुळे फरारबाईंचं काम काही कमी ठरत नाही. एका ख्रिस्ती शिक्षिकेने आपली विद्या नीट दुसरीच्या हाती दिली आणि ती विद्या महाराष्ट्रभर पोचली, याहून मोठं फळ मला सुचत नाही.

पंडिता रमाबाईंनी 1882 मध्ये, ख्रिस्ती होण्याआधी, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली तेव्हा मुलींसाठी प्रशिक्षित स्त्री-शिक्षक हव्यात असं ठामपणे सांगितलं. त्यांना पुरुषांपेक्षा जास्त पगार द्यावा, असंही सुचवलं. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी हा आग्रह सुटला नाही. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत गेल्या आणि तिथे फ्रेबेलची बालोद्यान पद्धत शिकत राहिल्या. संस्कृतची पंडिता, भागवत मुखोद्गत असलेली बाई, लहान मुलांना ठोकळे आणि खेळ देऊन कसं शिकवायचं हे शिकायला विद्यार्थिनी म्हणून बसते! 1889 मध्ये विधवा मुलींसाठी काढलेल्या शारदा सदन या शाळेआधीची ही तयारी मला त्यांच्या पांडित्यापेक्षा मोठी वाटते.

आता माझ्या वर्गात या. तिसरीचा गणिताचा तास. 302 मधून 147 वजा करायचे आहेत. एक मुलगा उत्तर लिहितो, 245. छात्राध्यापिका लाल पेनने फुली मारते आणि योग्य उत्तर, 155, फळ्यावर लिहून पुढे जाते. मी तिला नंतर विचारते, त्याला 245 कुठून मिळाले? ती विचारात पडते. मग तिच्या लक्षात येतं की त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. सातातून दोन गेले, पाच. चारातून शून्य गेलं, चार. तीनातून एक गेला, दोन. तो अजिबात निष्काळजी नाही. त्याने स्वतः एक नियम केला आणि तो इमानाने पाळला. त्याला हवा आहे काड्यांचा शंभराचा गठ्ठा. तो सोडून दहाचे दहा गठ्ठे करायचे, त्यातला एक सोडून सुट्या काड्या करायच्या आणि हे सगळं त्याच्या स्वतःच्या हातांनी.

माणूस देवाच्या प्रतिरूपात निर्माण झाला, असं आम्ही मानतो. अध्यापक विद्यालयात जाईपर्यंत हे वाक्य माझ्यासाठी चर्चच्या बाकापुरतं होतं. मुलांच्या चुका वाचायला शिकले तेव्हा ते वर्गात आलं. चुकीच्या उत्तरामागेही विचार करणारं मन असतं. त्या मनाचा मान राखायचा तर फुली मारून भागत नाही, ते मन कोणत्या वाटेने गेलं हे शोधावं लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली, ते फार योग्य झालं. आमच्यातल्या काही जुन्या घरांत छडीला पवित्र शास्त्राचा आधार काढून देतात. मला तो कधीच पटला नाही. ज्या गुरूला आम्ही मानतो त्याने लेकरांना जवळ बोलावलं आणि त्यांना अडवणाऱ्या शिष्यांवर तो रागावला. लेकरांवर तो रागावल्याचं शुभवर्तमानात कुठे नाही.

आणि तो शिकवायचा कसा, हेही छात्राध्यापिकेने पाहावं. पेरणी, खमीर, दिवा, हरवलेलं नाणं, द्राक्षमळ्यातली मजुरी, असं ऐकणाऱ्यांच्या घरातलं आणि रानातलं तो उचलायचा. प्रश्नाला पुष्कळदा प्रश्नानेच उत्तर द्यायचा. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावं, हे सूत्र आम्ही परीक्षेसाठी पाठ केलं, पण त्याचा उत्तम नमुना मला शुभवर्तमानात सापडला. देव माणसाला भेटायला माणसाच्याच बोलीत आला, हा आमच्या विश्वासाचा गाभा आहे. मग घरी गोरमाटी किंवा भिलोरी बोलणारं मूल पहिलीत येतं आणि आपण त्याला पुस्तकी मराठीत प्रश्न विचारून 'याला काहीच येत नाही' असा शेरा मारतो, तेव्हा आपण त्या गाभ्याच्या उलट वागतो. त्याच्या बोलीतले निदान शंभर शब्द बाईंनी शिकले पाहिजेत. रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, ते अल्पशिक्षित बायांना कळावं म्हणूनच.

वाचन शिकवण्याबद्दलही असंच. ग, म, भ, न हा क्रम आपल्या जुन्या गुरुजींनी सहज ठरवलेला नाही. अक्षरांच्या वळणांतलं साम्य पाहून तो ठरवला. घ आणि ध यांत गोंधळणाऱ्या मुलाला कुठे अडतंय हे बाईला कळायला हवं. जोडाक्षराशी अडखळणारं मूल चौथीपर्यंत तसंच पुढे सरकत गेलं, तर ते शाळेत असूनही शाळेबाहेर असतं. अशा मुलासाठी नुसती प्रार्थना करणं पुरेसं नाही, असं मी स्पष्ट म्हणते. प्रार्थना मी रोज हजेरीपट समोर ठेवून, नावं घेऊन करते, पण त्याला वाचायला शिकवण्याची जबाबदारी देवाने माझ्यावर टाकली आहे.

वर्गात येशूचं नाव घ्यायचं की नाही, हा प्रश्न नवीन मुली दबक्या आवाजात विचारतात. राज्यघटनेचं 28 वं कलम स्पष्ट आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. मी हे कलम केवळ कायदा म्हणून पाळत नाही, ते मला पटतं. सात वर्षांचं मूल बाई जे सांगेल ते खरं मानतं. तो विश्वास त्याने अक्षरं आणि आकडे शिकण्यासाठी आपल्याला दिलेला असतो. तो दुसऱ्या कामासाठी वापरणं म्हणजे मुलाला साधन करणं. 1893 मध्ये शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे ओढलं जातं या आरोपावरून पुण्यात मोठा वाद झाला. रानडे आणि भांडारकरांसारख्या माणसांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. रमाबाईंबद्दल माझा आदर तसूभरही कमी होत नाही, पण शिकवणाऱ्यावरचा समाजाचा भरवसा किती नाजूक असतो, हे त्या वादातून प्रत्येक ख्रिस्ती शिक्षिकेने शिकावं. आपली श्रद्धा मुलांना दिसायचीच असेल तर ती आपल्या वागण्यातून दिसेल. शाळेचं स्वच्छतागृह तुंबलं तर बाई नाक मुरडते की पदर खोचते, हे मुलं बघतात.

प्रशिक्षणात एका गोष्टीची तयारी फारच तोकडी होते, असं मला वाटतं. सराव पाठ एका वर्गावर, ठरलेल्या वेळात, निरीक्षकासमोर होतात. प्रत्यक्षात नोकरी लागते ती द्विशिक्षकी शाळेत. तिथे दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात, एकीला शिकवताना दुसरीला कामात ठेवावं लागतं. त्यात पाथर्डी, शेवगावसारख्या तालुक्यांत कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं वर्गातून नाहीशी होतात. शंभरातल्या एका हरवलेल्या मेंढराची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ आहे. मेंढपाळ शोधायला निघतो, हे त्या गोष्टीतलं मुख्य क्रियापद आहे, आणि शिक्षिकेला ते हंगामाआधीच करावं लागतं. टोळी निघण्याआधी त्या घरी जायचं, आजीपाशी मूल ठेवता येईल का विचारायचं, हंगामी वसतिगृहाची माहिती द्यायची, आणि तरीही मूल गेलंच तर परत येईल तेव्हा त्याच्यासाठी कुठून सुरुवात करायची हे वहीत लिहून ठेवायचं. हे टाचण कोणत्याच अध्यापक विद्यालयात काढायला लावत नाहीत. लावलं पाहिजे.

पगाराबद्दलही बोलायला हवं. पदविका आणि टीईटी दोन्ही असलेली मुलं भरतीची वाट बघत वर्षं काढतात. दरम्यान खाजगी शाळांत अगदी किरकोळ मानधनावर राबतात. काही ठिकाणी, आमच्या समाजाच्या संस्थांतही, या राबण्याला 'सेवा' म्हणतात. मजुराची मजुरी अडवून धरणाऱ्यांना याकोबाच्या पत्रात किती कडक शब्दांत सुनावलं आहे, ते संस्थाचालकांनी वाचावं. बोलावणं देवाचं असतं, पगार माणसांनी द्यायचा असतो. रमाबाईंनी हे 1882 मध्येच सांगितलं होतं आणि द ला सालांच्या शिक्षकांनी त्याच्याही दोनशे वर्षं आधी.

आमच्या मंडळ्यांना माझी एक विनंती आहे. रॉबर्ट रेक्सने 1780 मध्ये ग्लॉस्टरला संडे स्कूल सुरू केलं तेव्हा आठवडाभर कामावर राबणाऱ्या गरीब मुलांना तिथे वाचायला शिकवलं जायचं. आज आपल्याकडे रविवारी मुलं जमतात, गाणी म्हणतात, वचन पाठ करतात, खाऊ घेऊन घरी जातात. त्यातल्या कितीजणांना ते वचन स्वतः वाचता येतं, हे कुणी तपासत नाही. प्रत्येक मंडळीत डी.एल.एड. करणारी किंवा करून घरी बसलेली एखादी तरुण मुलगी असतेच. रविवारचा एक तास तिच्या हाती द्या, मुलांना वाचायला शिकवण्यासाठी. तिला फळा, खडू, काड्या आणि गोष्टींची पुस्तकं घेऊन द्या. आणि तिला त्या तासाचे पैसे द्या.