पौषातली सकाळ, वेण्णेकाठचा मळा

वाचकहो, महाबळेश्वर म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे घोडे, बाजार आणि गर्दी येत असेल. एकदा पौषात, सुट्ट्या संपून सहलकरी पांगले की या, आणि वेण्णा तलावाच्या अंगाला एखाद्या मळ्यावर दोन दिवस राहा.

मी उतरतो तो मळा जेमतेम तीस गुंठ्यांचा. एक गाय, तिची कालवड, चार शेळ्या, थोड्या कोंबड्या आणि गादीवाफ्यांवर स्ट्रॉबेरी. पावसाळ्यात इथे कोसळधार, म्हणून रोपे खाली वाईकडे वाढवतात आणि सप्टेंबरात वर आणून लावतात. पौषात तोडा ऐन भरात असतो.

पहाटे बाहेर आलात तर गवत पांढरे दिसेल. पारा चार-पाच अंशांवर असताना दव गोठते कसे, असे तुम्ही विचाराल. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की पाने आपली ऊब आभाळाला देऊन हवेहूनही गार होतात. त्यात गार हवा जड, ती तलावाकडच्या खोलगटात साचते. म्हणून यजमान आदल्या दिवशीच पाणी देतात. ओली माती उन्हाची ऊब धरून ठेवते. गोठ्याच्या तोंडाला गोणपाट असतेच.

उजाडताच रानातून कोंबडा आरवतो. तो गावठी नव्हे, रानकोंबडा. घरचा कोंबडा मग ईर्षेने ओरडतो. पाटाच्या कडेने शेपूट वरखाली करीत धोबी फिरतो, हा उत्तरेकडून थंडीपुरता आलेला पाहुणा. शेंडीवाले बुलबुल मात्र फळांवर डोळा ठेवूनच बसलेले. यजमान रानाकडची एक सरी त्यांच्यासाठी सोडतात. वहिनींना ते मुळीच पसंत नाही, आणि तोड्याचा हिशेब त्याच ठेवतात.

गवा आला तर हिशेबच वेगळा. एका रात्रीत वाफे तुडवतो. त्याला हुसकायला जवळ जाऊ नका, लांबूनच डबे वाजवा. सकाळी वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करून घ्या. खुरांचे ठसे पुसू देऊ नका.

या मळ्यावर मी येतो तो मात्र जांभळीखालच्या सातेरी माश्यांच्या पेटीसाठी. महाबळेश्वरचा मध तुम्हाला ठाऊक आहेच. जवळचे मांघर तर 2022 साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. वीसेक वर्षांपूर्वी याच मळ्यावर फुलकिडे पडले होते. सकाळीच फवारा घ्या, असे मी सांगून गेलो. फुले उमललेली, माश्या कामावर. दुपारी पेटीपुढे मेलेल्या माश्यांचा सडा पडला. वसाहत गेलीच, शिवाय पुढची फळे वेडीवाकडी निघाली. स्ट्रॉबेरीच्या अंगावरचे बारीक दाणे असतात ना, त्यातल्या ज्या दाण्याला पराग पोचत नाही, तिथला गर वाढत नाही. बी.एस्सी.च्या पुस्तकात हे मी वाचलेले होते!

घरच्या आजी मला काही बोलल्या नाहीत. केरसुणीने माश्या गोळा करून त्यांनी जांभळीच्या बुडाशी पुरल्या आणि मला चहा दिला. तो चहा मला गिळवेना. नवी वसाहत भरायला दोन हंगाम गेले. तेव्हापासून फवारा घ्यायचाच झाला तर दिवस मावळल्यावर, तोही आधी पेटीची जागा विचारून.

आजी आता ऐंशीच्या पुढे. या खेपेला आठ वाजता मी पेटीचे झाकण उघडू लागलो, तर घोंगडीतूनच म्हणाल्या, ‘‘सायेब, आजून ऊन न्हाई आलं. गारठ्यात उघडू नगा. बसा.’’

मी बसलो. गाय रवंथ करीत होती. गवतावरचे पांढरे विरघळून थेंब झाले. ऊन जांभळीच्या बुंध्यावरून पेटीवर आले तेव्हा नऊ वाजून गेले होते. मग एक माशी दारात आली, पाय पुसल्यासारखे करून थोडी थांबली आणि वाफ्यांकडे उडाली.

‘‘आता उघडा,’’ आजी म्हणाल्या.